‘पेट्रियट्स फॉर युरोप’ गटास खुले पत्र: विरोध करा, पण समितीच्या टेबलावर बसून

प्रति,
गटाध्यक्ष व सर्व सदस्य,
‘पेट्रियट्स फॉर युरोप’ गट,
युरोपीय संसद, ब्रुसेल्स आणि स्ट्रासबर्ग.

महोदय, महोदया,

जानेवारी 2026 च्या स्ट्रासबर्ग अधिवेशनात लागोपाठ दोन दिवस दोन मतदाने झाली. 21 तारखेला संसदेने दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर देशांबरोबरचा व्यापार करार युरोपीय न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठवला. बाजूने 334 मते पडली, विरोधात 324. म्हणजे अवघ्या दहा मतांच्या फरकाने युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, वेळापत्रकाला खीळ बसली. दुसऱ्या दिवशी त्याच करारावरून आपण आयोगावर आणलेला अविश्वास ठराव मताला आला. बाजूने 165, विरोधात 390. आयोग जागेवरून तसूभरही हलला नाही. हे पत्र लिहायला आम्हाला या दोन दिवसांनी भाग पाडले. ज्या आयुधाने काम होते ते आपण वापरत नाही आणि ज्याने होत नाही ते पुन्हापुन्हा उचलता, असे आम्हाला गेले दीड वर्ष दिसते आहे.

आम्ही युरोपीय संघाच्या वेगवेगळ्या देशांत राहणारे मराठी भाषक आहोत. काहींकडे इथले नागरिकत्व आहे, म्हणून मत आहे. काहींकडे ब्लू कार्ड किंवा साधा कामाचा परवाना आहे. त्यांना मत नाही, पण आयकर आणि व्हॅट दोन्ही ते भरतात. मराठी ही संघाच्या 24 अधिकृत भाषांपैकी नाही. तरी पत्र मराठीत लिहितो आहोत, कारण या संसदेत काय होते याचा परिणाम निफाड, दिंडोरी आणि देवगडपर्यंत पोचतो आणि तिथल्या वाचकांनाही हे समजायला हवे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ब्रुसेल्सकडे फार अधिकार गेले आहेत, काही परत यावेत, हे मत बाळगणे आणि त्यावर निवडून येणे पूर्णपणे लोकशाही आहे. 2024 च्या निवडणुकीनंतर आपला गट 12 देशांतल्या 84 सदस्यांनिशी उभा राहिला: फ्रान्सचे 30, हंगेरीचे 11, चेक प्रजासत्ताकाचे 9, इटलीचे 8, ऑस्ट्रिया, स्पेन आणि नेदरलँड्सचे प्रत्येकी 6, आणि उरलेले आठ जण पाच देशांच्या छोट्या तुकड्यांतून आलेले. 720 जणांच्या सदनात हा तिसरा मोठा गट. जुलै 2024 मध्ये बाकीच्या गटांनी एकजूट करून आपल्याला 14 उपाध्यक्षपदांपैकी एकही दिले नाही, समित्यांचे एकही अध्यक्षपद दिले नाही. जागांच्या प्रमाणात पदे वाटायची पद्धत या सदनात रूढ असताना ती फक्त आपल्यापुरती बाजूला ठेवली गेली. आम्हाला हे पटलेले नाही. ज्या मतदारांनी आपल्याला पाठवले त्यांचा तो अवमान आहे, असे आम्ही उघडपणे म्हणतो.

पण पदे नाकारली गेली म्हणून हातातली बाकीची साधने नाहीशी होत नाहीत. तीच न वापरण्याबद्दल आमच्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार अविश्वास ठरावांची. असा ठराव दाखल करायला एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे 72 सह्या लागतात. आपल्या गटाला त्या एकट्याच्या बळावर जमतात, आणि अडचण तिथेच सुरू होते: दाखल करणे सोपे, संमत करणे जवळजवळ अशक्य. संमतीसाठी पडलेल्या मतांच्या दोन तृतीयांश मते हवीत, शिवाय ती एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 361 हवीत. जुलै 2025 मध्ये दुसऱ्या गटातल्या एका रोमानियन सदस्याच्या पुढाकाराने आलेल्या ठरावाला 175 मते मिळाली. ऑक्टोबरमध्ये आपल्या ठरावाला 179 मिळाली, तेव्हा गरज 372 ची होती. जानेवारीत 165. दर वेळी आयोगाच्या अध्यक्षा सदनातून अधिक बळ घेऊन बाहेर पडल्या, कारण त्यांच्यावर नाराज असलेल्या मध्यममार्गी सदस्यांनाही आपल्या ठरावाविरुद्ध त्यांच्यामागे उभे राहावे लागले.

या सदनात आयोग एकदा खरोखर पडला आहे आणि तो कसा पडला हे आपल्या गटातल्या प्रत्येक नव्या सहायकाला शिकवले पाहिजे. जाक सान्तेर यांच्या आयोगावरचा अविश्वास ठराव जानेवारी 1999 मध्ये फेटाळला गेला होता. आयोग गेला तो मार्चमध्ये, स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आल्यावर. आणि ती समिती बसली कशामुळे? डिसेंबर 1998 मध्ये संसदेने 1996 च्या अर्थसंकल्पाच्या हिशेबाला मंजुरी नाकारली होती. आयोगाच्याच लेखापरीक्षण विभागातल्या एका डच अधिकाऱ्याने कागद बाहेर आणले होते. म्हणजे क्रम असा: आधी कागद, मग हिशेब समितीतली चिकाटी, मग हिशेबाला नकार, मग चौकशी, मग राजीनामा. भाषण या साखळीत कुठेही निर्णायक नव्हते.

कोविड लशींच्या खरेदीबाबत आयोगाच्या अध्यक्षा आणि फायझर कंपनीचे प्रमुख यांच्यातल्या मोबाइल संदेशांचे प्रकरण घ्या. त्यावर सदनात सर्वांत जास्त आवाज आपल्या बाजूच्या बाकांवरून झाला. पण 14 मे 2025 रोजी युरोपीय सामान्य न्यायालयाने ते संदेश देण्यास आयोगाने दिलेला नकार चुकीचा ठरवला तो एका अमेरिकन वृत्तपत्राने लढवलेल्या दाव्यात. त्यांनी वापरलेला कायदा प्रत्येकासाठी खुला आहे: 2001 चा 1049 क्रमांकाचा दस्तऐवज-नियम. अर्ज करायचा, 15 कामकाजाच्या दिवसांत उत्तर, नकार आला तर फेरअर्ज, पुन्हा 15 दिवस, मग न्यायालय. त्याच्या जोडीला प्रत्येक सदस्याला तीन महिन्यांत 20 लेखी प्रश्न विचारता येतात. 84 सदस्य धरले तर वर्षाला 6,720 होतात. यातले एक हजार प्रश्न जरी एकाच धाग्याने बांधून, आधीच्या उत्तरातली फट पकडून विचारले तर आयोगाच्या एखाद्या विभागाला लपायला जागा उरणार नाही. एकेकट्या घोषणावजा प्रश्नांना मात्र सहा आठवड्यांनी साचेबद्ध चार ओळींचे उत्तर येते, आणि तिथे विषय संपतो.

दुसरी तक्रार आम्हाला सर्वांत जास्त टोचते, म्हणून ती जरा सविस्तर मांडतो. जुलै 2025 मध्ये 2040 च्या हवामान उद्दिष्टाच्या कायद्याचे प्रतिवेदकपद आपल्या गटाने मिळवले. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोणता कायदा कोणत्या गटाकडे जाणार हे समितीतले समन्वयक गुणांच्या बोलीने ठरवतात. प्रत्येक गटाला सदस्यसंख्येप्रमाणे गुण मिळतात. मोठ्या कायद्यासाठी जास्त गुण मोजावे लागतात आणि ते मोजले की दुसऱ्या कायद्यांसाठी कमी उरतात. म्हणजे आपण किंमत मोजून ही लेखणी घेतली. प्रतिवेदकाच्या हाती पहिला मसुदा असतो, वेळापत्रकावर त्याचा प्रभाव असतो, इतर गटांच्या छाया-प्रतिवेदकांच्या बैठका तो बोलावतो, तडजोडीच्या दुरुस्त्या त्याच्या टेबलावर शिजतात, आणि पुढे परिषद (म्हणजे सदस्य देशांची सरकारे) व आयोगाबरोबरच्या त्रिपक्षीय वाटाघाटीत संसदेच्या बाजूने तो बसतो. काही गटांना हे इतके धोक्याचे वाटले की त्यांनी तातडीची प्रक्रिया लावून समितीच टाळायचा प्रयत्न केला. 9 जुलैला तो प्रयत्न सदनाने फेटाळला. मैदान आपल्याला मोकळे मिळाले होते.

आणि मग आपल्या प्रतिवेदकाने आयोगाचा संपूर्ण प्रस्तावच फेटाळावा अशी शिफारस केली.

ती शिफारस बहुमताला मान्य होणार नाही हे समितीच्या पहिल्या गणितातच दिसत होते. पूर्ण नकाराची शिफारस पडली की प्रतिवेदकाकडे वाटाघाटीला काही उरत नाही. बाकीचे गट आपापसांत बसतात आणि मजकूर ते लिहितात. नेमके तेच झाले. 13 नोव्हेंबरला सदनाने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात 1990 च्या तुलनेत 90 टक्के कपातीचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यात 2036 पासून 5 टक्क्यांपर्यंतचा भाग परदेशी कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे दुसऱ्या देशांतल्या उत्सर्जन-कपातीचे श्रेय विकत घेऊन, भरण्याची सवलत आली. घरगुती इंधन आणि पेट्रोल-डिझेलवर येणारी नवी उत्सर्जन-व्यापार व्यवस्था 2027 ऐवजी 2028 वर ढकलावी, हेही आले. या दोन्ही सवलती आपल्या मतदारांच्या खिशाशी संबंधित आहेत. त्या आणल्या इतरांनी. ल्योन जवळच्या खेड्यात डिझेल गाडीने कामाला जाणारा किंवा ओस्त्रावात कोळशाच्या शेगडीवर घर तापवणारा आपला मतदार विचारेल की लेखणी आपल्या हातात असताना त्याच्यासाठी कोणते कलम लिहिले, तर दाखवायला काय आहे? सामाजिक हवामान निधीचे (इंधन महागल्याची झळ बसणाऱ्या कुटुंबांसाठीचे) पैसे आधी आणि शुल्क नंतर, अशी अट घालता आली असती. दरवाढीला कमाल मर्यादा मागता आली असती. उद्दिष्टाचा दर दोन-तीन वर्षांनी फेरआढावा आणि त्यासाठी मोजता येतील असे निकष लिहिता आले असते. अशा दुरुस्त्यांना मध्यममार्गी गटांतली पन्नास-साठ मते मिळतात. पूर्ण नकाराला मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या मूळ विचाराची आहे. जे काम ग्रामपंचायतीला जमते ते जिल्हा परिषदेने ओढून घेऊ नये, असे आपल्याकडे म्हणतात. संघाच्या करारांत हेच तत्त्व लिहून ठेवलेले आहे आणि ते अमलात आणण्याची पद्धतही दिलेली आहे. आयोगाचा कायदेप्रस्ताव आला की राष्ट्रीय संसदांना आठ आठवडे मिळतात. प्रत्येक देशाला दोन मते. दोन सभागृहे असतील तर एकेक. एकूण 54. त्यातली एक तृतीयांश, म्हणजे 18 मते विरोधात आली की ‘पिवळे कार्ड’ लागते आणि आयोगाला प्रस्ताव पुन्हा तपासावाच लागतो. पोलीस व फौजदारी न्यायाच्या विषयांत 14 पुरतात. 2012 मध्ये संपाच्या हक्काबाबतच्या नियमाला 19 मते विरोधात गेली आणि आयोगाने प्रस्ताव मागे घेतला. 2013 मध्ये युरोपीय सरकारी वकील कार्यालयाच्या वेळी आणि 2016 मध्ये परदेशी कामावर पाठवलेल्या कामगारांच्या नियमाच्या वेळी कार्ड लागले, पण आयोगाने प्रस्ताव कायम ठेवले. त्यानंतर एकही नाही.

का नाही? आठ आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. प्रत्यक्षात राष्ट्रीय संसदेच्या समितीची बैठक महिन्यातून एक-दोनदा, मसुदा वाचायला दोन आठवडे, मत लिहायला एक, सभागृहात मांडायला एक. दुसऱ्या देशाशी बोलायला वेळच उरत नाही. शिवाय पुष्कळ मते चुकीच्या मुद्द्यावर लिहिलेली असतात. ‘हा कायदा वाईट आहे’ एवढे लिहून चालत नाही. ‘हे काम देशपातळीवर पुरेसे होते आणि संघपातळीवर आणल्याने काही साधत नाही’ हे दाखवावे लागते. हे समन्वयाचे काम इतक्या देशांत सदस्य असलेल्या गटानेच करायचे. आपले घटक पक्ष कुठे सरकारात आहेत वा होते, कुठे सभागृहातले सर्वांत मोठे पक्ष आहेत: ऑस्ट्रियाची नॅशनलराट (कनिष्ठ सभागृह), चेक लोकप्रतिनिधीगृह, रोममधली सत्ताधारी आघाडी, बुडापेस्टमध्ये 2010 ते 2022 च्या निवडणुकांत मिळालेली मोठी बहुमते. अठरापैकी निम्म्या मतांची तरी सुरुवात आपल्या घरातून करता आली असती. अधिकार परत आणण्याची भाषा करणाऱ्या गटाने हे हत्यार म्यानातच ठेवावे, याचे आम्हाला दुःख होते.

आता पैशांबद्दल. गटांना संसदेच्या अर्थसंकल्पातून, 400 क्रमांकाच्या शीर्षाखाली निधी मिळतो. तो कार्यालय, कर्मचारी आणि गटाच्या राजकीय व माहितीविषयक कामासाठी असतो. राष्ट्रीय पक्षाला किंवा निवडणूक प्रचाराला तो देता येत नाही. आपल्या गटातले अनेक पक्ष पूर्वी ‘आयडेंटिटी अँड डेमोक्रसी’ गटात होते. त्या गटाच्या 2019 ते 2024 मधल्या 43 लाख युरोंहून अधिक खर्चावर संसदेच्या वित्त विभागाने आक्षेप घेतले आणि जुलै 2025 मध्ये युरोपीय सरकारी वकील कार्यालयाने तपास सुरू केला. तपास म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आम्ही जाणतो. संसदीय सहायकांच्या मानधनाच्या प्रकरणात पॅरिसच्या न्यायालयाने 31 मार्च 2025 रोजी आपल्या गटातल्या फ्रेंच पक्षाच्या नेत्या मारीन ल पेन आणि त्यांच्या पक्षाला दोषी धरले. त्याविरुद्ध अपील झाले आहे, तेव्हा अंतिम शब्द अपिलाचा. पण ब्रुसेल्सच्या उधळपट्टीवर बोलणाऱ्या गटाचा स्वतःचा हिशेब इतरांपेक्षा दुप्पट स्वच्छ असायला हवा, ही अपेक्षा न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नाही.

आपल्या परंपरेतल्या गटांना याआधीही ठेच लागली आहे. जानेवारी 2007 मध्ये उभा राहिलेला ‘आयडेंटिटी, ट्रॅडिशन, सॉव्हरिन्टी’ गट नोव्हेंबरमध्ये कोसळला, कारण इटलीच्या एका सदस्येच्या विधानावरून रोमानियाचे पाच जण बाहेर पडले आणि संख्या किमान वीसच्या खाली गेली. ऑक्टोबर 2014 मध्ये लाटव्हियाची एक सदस्य गेली आणि 48 जणांचा गट सात देशांच्या अटीत नापास झाला. चार दिवसांनी पोलंडचा एक सदस्य मिळाला तेव्हा तो पुन्हा जिवंत झाला. संख्या आणि निधी हाच गटाचा सांधा असला की तो असाच निखळतो. याउलट डेन्मार्कचे येन्स-पीटर बोंडे 1979 ते 2008 या सदनात बसले. संघाच्या विस्तारत्या अधिकारांना त्यांचा कायम विरोध होता, आणि तरीही दस्तऐवज खुले करण्याच्या त्यांच्या कामाचा आदर त्यांचे कट्टर विरोधकही करत. तो माणूस आपल्याच बाकांवरचा होता.

शेवटची तक्रार आमच्या मुलखाशी जोडलेली आहे. 27 जानेवारी 2026 रोजी भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. पुढे तो संसदेच्या संमतीसाठी येईल. संमतीच्या टप्प्यावर दुरुस्ती करता येत नाही. हो किंवा नाही, एवढेच. म्हणून ज्याला काही बदलायचे असेल त्याने मजकुराच्या कायदेशीर तपासणीच्या काळातच आंतरराष्ट्रीय व्यापार समितीत कलमवार बोलले पाहिजे. आयात मालाला इथल्या शेतकऱ्याइतकेच कडक नियम लावा, ही मागणी युरोपच्या शेतकऱ्यांकडून येते आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण ती कशी अमलात येते यावर नाशिकच्या बागायतदाराचे वर्ष ठरते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. त्याआधी अनेक वर्षे बाग नोंदणी, तोडणीपूर्व नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र अशी ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या व्यवस्थेची) साखळी चालू होती. तरी ते रसायन तपासणीच्या यादीत नव्हते म्हणून फटका बसला. 1 मे 2014 पासून हापूसवर बंदी आली ती फळमाशीमुळे. त्यावर उपाय झाले आणि जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

दोन्ही वेळा नियम कडक असल्याची तक्रार आमची नव्हती. तक्रार होती ती वेळेची आणि पूर्वसूचनेची. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते आणि तिथून चार-साडेचार महिन्यांनी माल तोडणीला येतो. एखाद्या रसायनाची मर्यादा डिसेंबरमध्ये किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली, तर नोव्हेंबरमध्ये कायद्याने परवानगी असलेली फवारणी केलेली बाग फेब्रुवारीत बाद होते. त्यात शेतकऱ्याची चूक काहीच नसते. उर्वरित अंशांच्या मर्यादांवर संसदेला आक्षेप घेण्याचा अधिकार आहे. तो वापरताना संक्रमणकाळ मागणे आपल्याला सहज शक्य आहे आणि त्याने स्पेनच्या अंदालुसियातल्या शेतकऱ्याचे काही जात नाही.

तेव्हा आमच्या मागण्या.

गटाचा वार्षिक हिशेब संसदेच्या संकेतस्थळावर मोजक्या शीर्षांखाली दिसतो. आपण दर तिमाहीला तो नोंदीगणिक प्रसिद्ध करा: कुणाला, कशासाठी, किती, किती निविदा मागवल्या. गटाच्या निधीतून संस्थांना देणग्या देणार नाही, असे लेखी जाहीर करा.

प्रतिवेदकपद घ्याल तेव्हा पहिल्या मसुद्यातच पर्यायी कलमे आणि त्यांचा अंदाजे खर्च द्या. प्रस्ताव फेटाळण्याची शिफारस करायचीच असेल तर ती पडल्यावर मांडायच्या दुरुस्त्या त्याच दिवशी तयार असू द्या. छाया-प्रतिवेदकांच्या बैठकीत आपला माणूस हजर होता की नाही हेही कळू द्या.

अविश्वास ठराव या कार्यकाळात पुन्हा आणायचा झाल्यास त्याआधी हिशेब समितीतला अहवाल, दस्तऐवज-अर्जांची यादी आणि आलेली उत्तरे जोडा. चौकशी समितीसाठी 180 सह्या लागतात. त्या मिळवण्यासाठी इतर गटांच्या दारात जा.

आठ आठवड्यांच्या मुदतीसाठी गटाच्या कार्यालयात एक कायमची जागा ठेवा. प्रस्ताव आल्यापासून दहा दिवसांत, तत्त्वाच्या चौकटीत बसणारा मतांचा नमुना सगळ्या देशांतल्या आपल्या पक्षांना पोचू द्या.

भारताबरोबरच्या करारावर संमतीच्या मतदानाआधी कलमवार भूमिका मांडा: शेतमाल, उर्वरित अंश, कुशल कामगारांची ये-जा, विद्यार्थी. अंशांच्या मर्यादा बदलताना आक्षेप घेतलात तर नवी मर्यादा पुढच्या गोडी छाटणीनंतरच्या हंगामापासून लागू व्हावी, एवढी ओळ त्यात घाला. आणि सदनात स्थलांतरावर बोलताना परवाना घेऊन आलेले, इथे कर भरणारे लोक आणि बेकायदा प्रवेश हे दोन वेगळे विषय म्हणून बोला.

या पत्राची फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी भाषांतरे सोबत पाठवत आहोत. गटाच्या सचिवालयाकडून 60 दिवसांत लेखी उत्तर यावे, अशी विनंती आहे. न आल्यास गटनिधीच्या नोंदीगणिक प्रसिद्धीची मागणी आम्ही कलम 227 खाली संसदेच्या याचिका समितीकडे नेऊ. तो हक्क संघातल्या प्रत्येक रहिवाशाला आहे, मग त्याला मत असो वा नसो.

आपले,
युरोपीय संघात राहणारे काही मराठी भाषक